फुकटच्या पेंग्विनला गिऱ्हाईक मिळाले

मार्च २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वित्झर्लंडमधली स्कीइंगची सुट्टी अर्धवट टाकून म्युनिकला पोचले. भेटायचे होते शहराच्या महापौरांना, ख्रिस्तियान उडे यांना. महापालिका आपल्या सुमारे १४ हजार संगणकांवरून विंडोज काढून लिनक्स बसवायच्या बेतात होती. मायक्रोसॉफ्टने भाव उतरवला, लिनक्सचा प्रस्ताव महाग ठरला, तरीही मे महिन्यात नगरसेवकांनी कौल दिला तो लिनक्सलाच. एवढ्या मोठ्या कंपनीला १४ हजार संगणक म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक. धास्ती होती ती बाकीची शहरे हाच कित्ता गिरवतील याची.

पेंग्विनचे बोधचिन्ह मिरवणारे लिनक्स फुकट मिळते. मग त्यावर पोट भरते कुणाचे? सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ही लिनक्सवर धंदा करणारी कंपनी ३४ अब्ज डॉलरला घेतली, ती डेटा सेंटर आणि क्लाउडच्या धंद्यासाठी. घरगुती डेस्कटॉपच्या बाजारात उतरायचा विचार नाही, हे रेड हॅटने २००८ मध्येच सांगून टाकले होते. मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी धनिकाने मात्र हौस केली. २००४ मध्ये उबंटू नावाचे लिनक्स काढले आणि मागेल त्याला सीडी घरपोच पाठवल्या, टपालखर्चही स्वतःच सोसला. उबंटूच्या दोषनोंदवहीत पहिल्या क्रमांकाचा दोष नोंदवला होता तो बाजारावरच्या मायक्रोसॉफ्टच्या वर्चस्वाचा. २०१३ मध्ये शटलवर्थ यांनी ती नोंद बंद केली. पण ते वर्चस्व हटवले होते फोन आणि टॅबलेटनी. डेस्कटॉपवर विंडोज होते तिथेच होते.

म्युनिकची कथाही पुढे फिरली. २०१३ मध्ये स्थलांतर पार पडले, २०१४ मध्ये महापौर बदलले, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले जर्मन मुख्यालय उपनगरातून म्युनिक शहरात आणले आणि २०१७ मध्ये पालिकेने विंडोजकडे परतायचे ठरवले. या घटनांचा परस्परसंबंध कुणी सिद्ध केलेला नाही. टीकाकारांनी तो जोडला नसता तरच नवल.

आता मात्र प्रश्न परवान्याच्या पैशांपलीकडे गेला आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध लादले. गुजरातमधली वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा जास्त वाटा आहे. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने कर्मचाऱ्यांचे आउटलुक आणि टीम्स बंद केले. भारताने ते निर्बंध मानले नव्हते आणि सेवेचे पैसे तर आधीच भरलेले होते! नायराने मेलसाठी मुंबईच्या रेडिफचा आसरा घेतला आणि दिल्ली उच्च न्यायालय गाठले. त्यानंतर सेवा पुन्हा सुरू झाली.

अर्थात टेबलावरच्या संगणकात लिनक्स असते म्हणून नायराची मेल वाचली नसती. मेल होती दुसऱ्याच्या सर्व्हरवर. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने हे नेमके ओळखले. ३० हजार संगणकांचा संसार हलवताना त्यांनी आधी हात घातला तो ऑफिसच्या कामात, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी लिब्रेऑफिस आणले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४० हजारांहून जास्त मेलबॉक्स ओपन-एक्स्चेंज आणि थंडरबर्ड या मुक्त प्रणालींवर नेऊन झाले. विंडोजची पाळी त्यानंतरची. यात देखभालीचे कंत्राट देशातल्या कंपन्यांना मिळते, हे तिथल्या पुढाऱ्यांना मतदारांपुढे सांगायला सोयीचेच.

पण लिनक्स तरी राजकारणापासून अलिप्त कुठे आहे? ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या देखभालकर्त्यांच्या यादीतून जवळपास डझनभर रशियन नावे वगळली गेली. कारण निर्बंधांच्या कायद्याचे होते. ओरड झाली तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी आपण फिनिश असल्याची आठवण करून दिली. रशियाशी फिनलंडचे जुने वैर पाहता आणखी काही सांगायची गरज नव्हती. नावे गेली, पण कर्नल डाउनलोड करायला कुणालाच बंदी नाही. रशियन लष्करात वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅस्ट्रा लिनक्सचा धंदा तर युक्रेन युद्ध सुरू होऊन पाश्चात्त्य कंपन्या निघून गेल्यावर असा फुलला, की अ‍ॅस्ट्रा समूहाचा शेअर ऑक्टोबर २०२३ मध्ये मॉस्कोच्या बाजारात आला.

त्याच वर्षी दिल्लीत संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी ‘माया’ ही स्वदेशी प्रणाली आणली. तिच्या घडणीत पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा हात आहे. पाया मात्र उबंटूचा, म्हणजे शटलवर्थ यांच्या लंडनमधल्या कंपनीचा.