देण्यापूर्वीचा मेळ

३१ जानेवारी २०२१ हा देशभर पल्स पोलिओचा रविवार होता. यवतमाळ जिल्ह्याच्या घाटंजी तालुक्यात, भांबोरा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रातील कापसी-कोपरी या गावीही माता आपल्या बालकांना घेऊन लसीकरणास आल्या होत्या. तेथे पाच वर्षांखालील १२ बालकांच्या मुखात पोलिओच्या लशीऐवजी हात निर्जंतुक करण्याच्या सॅनिटायझरचे थेंब पडले. एका बालकास उलटी झाली, जीव घाबरा झाला. बाराही बालकांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. सुदैवाने सर्व बालके सुखरूप राहिली. चौकशी होऊन तीन कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली आणि काही दिवसांत ही वार्ता मागे पडली.

या घटनेतील बोध मात्र मागे पडू देण्यासारखा नाही. सॅनिटायझरमध्ये मद्यार्काचे प्रमाण साठ-सत्तर टक्क्यांपर्यंत किंवा त्याहून अधिक असते. लहान बालकाच्या पोटात तो पुरेशा मात्रेत गेल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते, शुद्ध हरपू शकते. थेंबांऐवजी घोट गेला असता तर काय झाले असते, याची कल्पनाच पुरेशी आहे. १९९५ पासून चाललेल्या ज्या मोहिमेमुळे २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, त्याच मोहिमेत ही चूक घडावी, हे अधिकच विचार करायला लावणारे आहे.

असे का घडते? केवळ निष्काळजीपणा म्हणून विषय संपवणे सोपे आहे. परंतु त्या दिवसांत करोनामुळे सॅनिटायझरची बाटली प्रत्येक लसीकरण केंद्रावर असणे आवश्यकच होते. जेथे पोटात जाणारी वस्तू आणि हाताला लावण्याची वस्तू एकाच टेबलावर येते, समोर गर्दी असते आणि एकच कृती शंभर वेळा करायची असते, तेथे डोळा वाचणे सोडून देतो व हात सवयीने चालू लागतो. जाणत्या माणसाचाही हात असाच चुकतो. म्हणूनच परिचर्याशास्त्राने चांगल्या हेतूवर विसंबून न राहता पडताळणीचे नियम घालून दिले आहेत.

त्यांतील पहिला नियम पाच गोष्टींचा आहे : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. दुसरा नियम औषधावरील चिठ्ठी तीनदा वाचण्याचा. कपाटातून काढताना एकदा, मात्रा तयार करताना दुसऱ्यांदा आणि रुग्णाला देण्याच्या क्षणी तिसऱ्यांदा. इन्सुलिन, पोटॅशियम यांसारख्या औषधांत किंचित चूकही जिवावर बेतू शकते. तेथे एका परिचारिकेने तयार केलेली मात्रा दुसरीने स्वतंत्रपणे तपासावी, असा दंडक आहे. पोलिओच्या कुपीवर तर एक छोटी खूणही असते. वर्तुळातील चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवरच लस देण्यायोग्य. ही खूण पाहूनच कुपी उचलण्याची सवय हाताला जडलेली असेल, तर जिच्यावर ती खूणच नाही अशी बाटली उचलताच हात थांबतो.

व्यापारी घराण्यांना या शिस्तीचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. दिवसअखेर रोजमेळ जुळल्याखेरीज पेढी बंद होत नाही. मुनीम कितीही विश्वासू असला तरी खतावणी तपासली जाते आणि त्यात त्याला अपमान वाटत नाही. फरक एवढाच की, वहीतील चूक रात्री सापडली तरी दुरुस्त करता येते. पोटात गेलेले औषध परत घेता येत नाही. म्हणून रुग्णसेवेत मेळ आधी जुळवावा लागतो, नंतर नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी गंभीर, टाळता येणारी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम आरंभिली. २०१९ पासून १७ सप्टेंबर हा दिवस जागतिक रुग्णसुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. या साऱ्या प्रयत्नांचा पाया एकच आहे : चूक लपवली गेली तर ती पुन्हा घडते, निर्भयपणे सांगता आली तरच तिचे कारण सापडते. दोषीला शासन व्हावे, पण तेवढ्याने दुसऱ्या गावातील टेबलावरची बाटली दूर होत नाही.

मनुष्यबळाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सामान्य रुग्णालयात पाच खाटांमागे, तर अध्यापन रुग्णालयात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी. जेथे एकीवर याहून कितीतरी अधिक रुग्णांचा भार पडतो, तेथे तीनदा चिठ्ठी वाचण्याइतकी उसंतही महाग होते.

समाजातील अनेक कुटुंबे आरोग्य शिबिरे भरवतात, रुग्णालयांना खाटा व यंत्रे देतात. त्या औदार्यास आणखी एक जोड देता येईल. शिबिरात औषधांचे टेबल वेगळे असावे, त्यावर अन्य कोणतीही बाटली नसावी आणि प्रत्येक औषध नाव मोठ्याने वाचूनच दिले जावे, एवढा आग्रह आयोजकांनी धरला तरी मोठे काम होईल. यासाठी देणगीची गरज नाही, दक्षतेची आहे.

घरातही हाच नियम लागू होतो. फवारणीचे औषध, फिनाईल किंवा रॉकेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची रीत आजच सोडावी. वडीलधाऱ्यांच्या गोळ्या वेष्टनातून काढून एकाच डबीत मिसळू नयेत. आप्त रुग्णालयात असता ‘सिस्टर, हे कोणते औषध?’ असे आदराने विचारावे. जाणती परिचारिका या प्रश्नाने रागावत नाही. मात्र ती औषध मोजत असताना ‘आधी आमच्याकडे या’ म्हणून तिला हाक मारू नये. आपली ओळख, आपली पत किंवा आपली घाई तिचे लक्ष विचलित करते, त्या क्षणी कदाचित शेजारच्या खाटेवरील रुग्णाची मात्रा चुकत असते.