वसईच्या गावांतील चर्च

आमच्या लोधीखेड्याकडील गावांत देऊळ हे केवळ पूजेचे ठिकाण नव्हे. भजन, पारायण, गावकीची बोलणी, वाटसरूचा विसावा, हे सारे देवळाच्या ओट्यावर घडत आले आहे. मध्ययुगीन युरोपातील खेड्यात हेच स्थान चर्चला होते. तेथील घंटेच्या नादावर शेतकऱ्याचा दिवस चाले; आग लागली तरी तीच घंटा गावाला जागे करी. शेतकरी आपल्या पिकाचा दहावा हिस्सा चर्चला देई. बारसे, विवाह आणि अंत्यविधी तेथेच होत. अशा ग्रामचर्चचे मराठी मुलखातील रूप पाहावयाचे असेल, तर वसईकडे वळावे लागते.

इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाने वसईचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर निर्मळ, सांडोर, पापडी अशा गावांतून चर्च उभी राहिली. त्या काळच्या धर्मांतरामागे राजसत्तेचा दाबही होता, हे विसरून चालणार नाही. तथापि गावची माणसे तीच राहिली. सामवेदी, वाडवळ, कोळी ही कुटुंबे आपल्या बागायतीत, आपल्या होड्यांत आणि आपल्या मराठी बोलींतच नांदत राहिली.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. किल्ल्यातील भव्य चर्च ओस पडली. त्यांच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. त्यांपैकी एक भीमाशंकरास, तर दुसरी वाईजवळील मेणवलीस आजही पाहावयास मिळते. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. परंतु गावांतील प्रार्थना थांबली नाही. युरोपीय पाद्री गेले, तेव्हा देशी पाद्र्यांनी ते काम सांभाळले.

किल्ल्यातील चर्च का मोडली आणि गावांतील का टिकली? आम्हांस याचे कारण साधे वाटते. किल्ल्यातील चर्चचा आधार राज्यकर्ते होते. ते जाताच छपरे कोसळली. गावातील चर्चचा आधार गावकरी होते. त्यांची लग्ने तेथे लागत, त्यांचे पूर्वज तेथेच पुरलेले होते. पुढेही हे नाते प्रार्थनेपुरते राहिले नाही. १९१८ मध्ये पाद्री मोनिस यांच्या पुढाकाराने सहकारी पतपेढी निघाली. तीच आजची बेसिन कॅथॉलिक सहकारी बँक होय. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे भरलेल्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर लॅटिनऐवजी मराठीतून उपासना होऊ लागली. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

देऊळ असो, मशीद असो वा चर्च असो, त्याची खरी राखण तेथे नित्य येणारी माणसेच करीत असतात. आपल्या गावच्या जुन्या वास्तूंकडे विद्यार्थ्यांनी या दृष्टीने पाहावे. ती कोणी बांधली हे विचारावेच. पण तिने गावाला काय दिले, आणि गावाने तिला कसे जपले, हेही घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे.