पानशेत : घाईत अडवलेलं पाणी

जुलै उजाडला की विश्रामबागेपासून गावभागापर्यंत सांगलीत एकच चौकशी चालू होते. कोयना किती भरलं? आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आलं? चाळीस फूट म्हणजे इशारा आणि पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९च्या महापुरात पाणी सत्तावन्न फुटांच्या पुढे गेलं आणि गावभागातली कुटुंबं विश्रामबागेत पाहुण्यांकडे मुक्कामाला आली. धरणाखालच्या गावात राहणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून द्यायला नको. म्हणूनच सांगलीकरांनी एकदा पानशेतला जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं.

पेठ नाक्यावरून महामार्गाला लागायचं, कऱ्हाड-सातारा मागे टाकायचं आणि पुण्याच्या तोंडाशी वडगावजवळ सिंहगड रस्त्याला वळायचं. खडकवासला येतं. चौपाटीवर भाजलेल्या कणसांचा धूर असतो, कांदाभजी चाललेली असतात, पलीकडे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा परिसर दिसतो. धरणाच्या पायथ्याशी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. देशभरातल्या धरणांच्या आणि नद्यांच्या प्रतिकृती करून पाण्याचा अभ्यास करणारी ही १९१६ सालापासूनची संस्था. पुढे जलाशयाच्या कडेकडेने, डोणजे फाटा आणि खानापूर ओलांडून रस्ता पानशेतला पोचतो.

पानशेत धरण आंबी नदीवर आहे. जलाशयाचं नाव तानाजीसागर. शेजारी मोसे नदीवर वरसगाव. दोन्हींचं पाणी खाली मुठेला, म्हणजे खडकवासल्याला मिळतं. शनिवार-रविवारी इथे पुणेकरांची झुंबड उडते. बोटी फिरतात, हॉटेलांतून पिठलं-भाकरीच्या ऑर्डरी सुटतात. समोरचा हिरवा उतार नीटनेटका दिसतो. हे धरण दुसऱ्यांदा बांधलेलं आहे. पहिलं १२ जुलै १९६१ रोजी, बुधवारी सकाळी फुटलं.

ते मातीचं धरण होतं आणि काम अजून संपायचं होतं. तरीही त्या पावसाळ्यात पाणी अडवायचं ठरलं. मातीच्या धरणाला पहिल्यांदा पाणी हळूहळू, थांबत थांबत पाजायचं असतं. भराव बसतो कसा, पाझरतो कुठे, हे बघत पुढे जायचं असतं. त्या वर्षी सह्याद्रीच्या कड्यावर पाऊस असा कोसळला की जलाशय भराभर चढला. पाणी सोडायचं तर विमोचकाची दारं आणि ती हलवायची यंत्रणा पुरी झालेली नव्हती. दारं अर्धवट लोंबकळत होती आणि त्यांच्याखालून पाणी दणके देत भरावाच्या पोटातल्या बोगद्यातून सुटत होतं. त्या बोगद्यात लोखंडी सळया घातलेल्याच नव्हत्या. पोलादाची टंचाई होती, म्हणून साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर भागवलेलं होतं. बोगद्याने दम सोडला, वरची माती आत जाऊ लागली आणि धरणाचा माथा त्या जागी खचत गेला. एकदा माथा पाण्याच्या पातळीला आला की मातीच्या धरणाचं काही राहत नाही. वरून वाहणारं पाणी उतार खरवडत सुटतं.

आदल्या रात्री लष्कराचे जवान बोलावले होते. धो धो पावसात, अंधारात, खचणाऱ्या बांधावर उभं राहून ते वाळूची पोती रचत होते. पायाखालचा भराव कधीही जाईल हे त्यांना दिसत होतं. त्यांनी धरण वाचवलं नाही, ते कुणालाच वाचवता आलं नसतं. पण रात्र काढून दिली. तेच पाणी मध्यरात्री पुण्यात शिरलं असतं तर झोपेतली किती माणसं गेली असती, याचा विचार करवत नाही. पानशेतला गेल्यावर मला सगळ्यात आधी त्या जवानांची आठवण येते.

सकाळी सातच्या सुमाराला पानशेत गेलं. तो लोंढा १८७९ साली पुऱ्या झालेल्या खडकवासल्याच्या दगडी धरणावर येऊन आदळला. ऐंशी वर्षांहून जुनी ती भिंत काही तास तगली आणि दुपारी तीही फुटली. नदीकाठच्या पेठांना वेळेत नीट सूचना मिळालेली नव्हती. लकडी पूल पाण्याखाली गेला, नारायण, शनिवार, कसबा या पेठांमध्ये पाणी वाड्यांच्या माडीवर चढलं, डेक्कनचा भाग बुडाला. जुने वाडे मातीच्या भेंड्यांचे आणि लाकडी सांगाड्याचे. माती भिजली की वाडा जागच्या जागी बसायचा. पाणी ओसरल्यावर ढिगारे आणि गुडघाभर गाळ उरला. तांदळाची पोती, लग्नातले शालू, वह्या, दस्तऐवज, फोटो, सगळं त्या गाळात एक झालं. मृतांचा आकडा साधारण हजार असा सांगितला जातो. नदीकाठच्या झोपड्यांत राहणाऱ्या गरिबांची कुठे नोंद असणार? मला तो आकडा म्हणूनच पुरा वाटत नाही.

खडकवासला फुटल्यामुळे शहराचं पिण्याचं पाणीच गेलं. पुराने उद्ध्वस्त झालेलं पुणे पुढचे कित्येक दिवस जुन्या विहिरींवर आणि पेशव्यांच्या काळातल्या कात्रजच्या नळावर तहान भागवत राहिलं. पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवलं गेलं आणि त्यांनी ते झपाट्याने केलं. गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर ही नावं आज ऐकली की उच्चभ्रू नाहीतर मध्यमवर्गीय पुणे डोळ्यांपुढे येतं. त्यांतल्या कितीतरी घरांचं मूळ पूरग्रस्त वसाहतींत आहे. त्या जागांच्या मालकीहक्काचा प्रश्न मात्र दशकानुदशकं रेंगाळला.

चौकशीसाठी न्या. बावडेकर आयोग नेमला. काम तडीस जाण्याआधीच बावडेकरांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे न्या. नाईक आयोग आला. कुणाची चूक किती, यावर पुण्यात अजून वाद रंगतात. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं. पाऊस दरवर्षी येतो. सळया नसलेला बोगदा, अर्धवट दारं आणि तारीख गाठायची घाई, हे सगळं माणसांनी आणलं होतं.

२ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि भेंदवाडीतले वीसहून अधिक लोक वाहून गेले. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. त्यानंतर मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्याचं सांगत त्यांच्याकडे बोट दाखवलं. अठ्ठावन्न वर्षांनंतरही आपण गावकऱ्यांचं ऐकायला शिकलो नव्हतो, ही संतापाची गोष्ट आहे. याच राज्यात ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपाने कोयनेच्या भिंतीला तडे गेले, कोयनानगर परिसरात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, पण धरण टिकलं आणि नंतर मजबूत केलं गेलं. आपण सांगलीकर त्या भिंतीच्या जिवावर आहोत.

कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं. चांदोलीचं वारणा धरण चौतीस टीएमसीचं आणि मातीचं. ती वारणा आपल्या हरिपुराजवळ कृष्णेला मिळते. २०२१च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची केली आहे, आणि धरणाला धोका झाला तर खालच्या गावांनी काय करायचं याचा आपत्कालीन कृती आराखडाही. विश्रामबागेत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या स्थापत्य शाखेच्या प्रत्येक तुकडीला शिक्षकांनी एकदा पानशेतच्या बांधावर न्यावं. आणि नदीकाठच्या गावांनी येत्या ग्रामसभेत वरच्या धरणांचा हा आराखडा मागून घ्यावा, वाचून दाखवावा, आणि मिळाला नाही तर तशी नोंद ठरावात करून जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवावी.