४४२००१ चं गणगोत

वर्ध्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४४२००१. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकडी पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने आखली. टपालाच्या दृष्टीने हा आकडा म्हणजे फक्त पत्ता. पण चार लाख बेचाळीस हजार एक ही संख्या म्हणूनही त्याच्याकडे पाहावं.

ती मूळ संख्या नाही. ७ ने भाग जातो, मग ६३१४३ फोडायला चिकाटी लागते. दोनशेच्या पलीकडे गेल्यावर २३३ सापडतो. ४४२००१ = ७ × २३३ × २७१. 

खरी रंगत येते ती गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या वाटेने गेलं की. डहाणूत १९०५ साली जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची, एवढंच त्यांचं साधन. ४४२००१ मध्ये ११ मिळवले की ४४२०१२. आता उलट विचारू: ४४२००१ चा जनक कोण? ४४१९७३. त्याची अंकबेरीज २८, ती मिळवा आणि पाहा. सेवाग्रामच्या ४४२१०२ चा जनक ४४२०८२, हिंगणघाटच्या ४४२३०१ चा ४४२२७६.

जनक शोधायला नऊ मदतीला येतो. कोणतीही संख्या आणि तिची अंकबेरीज यांना नऊने भागलं तर बाकी सारखीच उरते. त्यामुळे जनकाची बाकीही आधीच ठरलेली असते; एकेक संख्या तपासायची गरज नाही, नऊ-नऊच्या टप्प्याने मागे जायचं.

वर्ध्यापासून तीनच पावलं पुढे ४४२००४ आहे. तिच्यासाठी ४४१९९७, ४४१९८८, ४४१९७९ तपासा: ४४२०३१, ४४२०२२, ४४२०१३. तिन्ही पुढे जातात. पुढचा टप्पा ४४१९७०. तो देतो ४४१९९५. ७९ वरून ७० वर येताना संख्या नऊने घटली, अंकबेरीजही नऊने घटली, म्हणून उडी अठराची पडली. ४४२००४ नेमकी त्या फटीत राहिली. तिला जनकच नाही. अशा संख्या स्वयंभू. कापरेकरांच्या गावावरून त्यांना देवळाली संख्याही म्हणतात.

हे गुण दशमान लेखनावर टेकलेले आहेत, म्हणून त्यांना हलकं लेखण्याचा मोह होतो. मला तो पटत नाही. शाळकरी मुलाला पेन्सिलीने सिद्ध करता येईल असं गणित फार थोडं आहे. गणितलेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्याविषयी लिहिलं, तेव्हा जगाचं लक्ष कापरेकरांकडे गेलं.

त्यांचा ६१७४ सर्वांना ठाऊक आहे: अंक उतरते मांडा, त्यातून चढते वजा करा, पुन्हा तेच करा; चार आकडी संख्या (चारही अंक सारखे नसतील तर) तिथेच थांबते. सहा आकडी वर्ध्याचं तसं होत नाही. ४४२१०० वजा १२४४ म्हणजे ४४०८५६. सातव्या वजाबाकीला ४२०८७६ येतो. मग ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. सातांचं हे चक्र कधीच थांबत नाही.