परसातील रानफुले आणि कांद्याचे बी

ओतूर व आसपासच्या गावांतील अनेक शेतकरी कांद्याचे बी स्वतःच तयार करतात. निवडक कांदे आश्विन-कार्तिकात लावले म्हणजे पौष-माघाच्या सुमारास डेंगळे निघून गोंडे फुलतात. मात्र गोंडे भरघोस दिसूनही पुष्कळदा बी पोचट निघते. त्याचा दोष हवेला किंवा करप्याला दिला जातो व तो काही वेळा खराही असतो. परंतु आणखी एका कारणाकडे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे गोंड्यावर माशी न येणे.

एका गोंड्यात शेकडो लहान फुले असतात. प्रत्येक फुलातील पराग आधी गळून जातात आणि स्त्रीकेसराचे टोक त्यानंतर पराग घेण्यास योग्य होते. त्यामुळे फूल आपल्याच परागाने फळत नाही. दुसऱ्या फुलाचे पराग त्यावर पोहोचवावे लागतात व हे काम मधमाश्या आणि इतर कीटक करतात. कारले, दोडका, काकडी, भोपळा या वेलांची नर व मादी फुले तर वेगवेगळीच असतात. तेथेही माशीवाचून फळ धरत नाही.

मधमाशीला मात्र वर्षभर अन्न लागते. कांदा फुलतो तो काही आठवडे. पूर्वी बांधावर, ओढ्याकाठी व परड्यात जी रानझाडे उगवत ती उरलेल्या दिवसांत तिला पोशीत. आता बांध कोरले गेले, तणनाशकाने कडा साफ झाल्या. पावसाळ्याच्या झडीत व त्यानंतर मोहोळाला अन्नाची चणचण पडली, तर माघात गोंड्यावर येण्यास माश्या उरत नाहीत. यासाठी घराच्या परसात अर्धा गुंठा, म्हणजे सुमारे ५४५ चौरस फूट जागा रानफुलांसाठी राखून ठेवणे फायद्याचे आहे.

झाडे आपल्याच शिवारातील निवडावीत. माळशेज किंवा नाणेघाटाच्या माथ्यावरील सोनकी व कारवी पाहून ती घरी आणण्याचा मोह होतो, तो टाळावा. तेथील धुके व पाऊस ओतुराच्या पूर्वेकडील रानात नाही. तेथून उपटून आणलेले रोप बहुधा मरते आणि घाटाचेही नुकसान होते. कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारच्या यात्रेस जाताना वाटेच्या कडेला जे उगवलेले दिसते, ते परसात सहज येते. तेरडा, कुर्डू, एकदांडी, माका, काटेकोरांटी, तरवड, निर्गुडी व तुळस एवढ्यांनी सुरुवात पुरेशी होते. तेरड्याचा रंग तीन दिवस अशी म्हण असली तरी एका झाडाला फुले मागोमाग येत राहतात व भाद्रपदात ती कीटकांना उपयोगी पडतात. निर्गुडी व तुळस यांच्यावर मधमाशी विशेष येते.

तरवडाविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. त्याच्या फुलात मकरंद नसतो, फक्त पराग असतात, व तेही परागकोशाच्या टोकावरील बारीक छिद्रांतून बाहेर पडतात. काळा भुंगा फुलाला बिलगून पंखांच्या स्नायूंनी ते थरथरवतो, तेव्हा पराग सांडतात. टोमॅटोच्या फुलाची रचनाही अशाच प्रकारची आहे. टोमॅटोचे फूल वाऱ्याने हलूनही फळते, परंतु भुंग्याच्या थरथरीने फळधारणा सुधारते. साध्या मधमाशीला हे काम साधत नाही. हा भुंगा वाळलेल्या बांबूत व लाकडात घर करतो आणि कित्येक रानमाश्या उघड्या, न नांगरलेल्या मातीत बिळे करतात. म्हणून परसाचा एक कोपरा तसाच पडीक राहू द्यावा व पोकळ बांबूच्या तुकड्यांची मोळी पावसापासून आडोशाला बांधून ठेवावी.

पेरणी मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर करावी. जागा फार खोल खणू नये व शेणखत घालू नये. जमीन सकस झाली की गवत माजते आणि रानफुले दबतात. बारीक बी वाळूत मिसळून फेकावे व हाताने दाबावे. तरवडाचे बी टणक असते, ते कोमट पाण्यात रात्रभर भिजवावे. पहिल्या दोन महिन्यांत गवत हाताने उपटावे लागते; ही मेहनत चुकवल्यास बाग होत नाही.

गाजरगवत दिसताच फुलण्यापूर्वी उपटावे. १९५० च्या दशकात पुण्याकडे प्रथम आढळलेले हे परदेशी तण काही विषाणूरोगांना आश्रय देते. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे, पण ती पसरून देशी झाडे मारते. टोमॅटोचा प्लॉट जवळ असल्यास रिंगणी व कामोणी ही त्याच कुळातील झाडेही ठेवू नयेत.

येथे एका अडचणीचा विचार केला पाहिजे. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असल्याने तो मधमाशीला फारसा आवडत नाही. शेजारी अधिक गोड फुले असल्यास ती तिकडे वळते. म्हणून गोंडे उमलू लागताच तुळशीच्या मंजिऱ्या खुडाव्यात, काटेकोरांटी छाटावी आणि कांदा फुलून गेल्यावर ती पुन्हा वाढू द्यावी. बागेने माश्यांना कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत पोसावयाचे व माघात कांद्याकडे मोकळे सोडावयाचे, असा हा हिशेब आहे. फुलोऱ्यातील कांद्यावर औषध फवारू नये. अगदीच निकड असल्यास माश्या परतल्यावर सायंकाळी फवारावे. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे मकरंदात व परागात उतरतात, हेही ध्यानात ठेवावे.

जुन्नर वनविभागात बिबट्या उसात राहतो व रात्री वस्तीपर्यंत येतो. यामुळे घराभोवती झाडी वाढविण्यास लोक कचरतात, आणि ते योग्यच आहे. तरवड व निर्गुडी दूरच्या बांधावर लावावी. घर, गोठा व शौचालयाची वाट यांच्यालगत गुडघ्याच्या खालीच राहणारी फुलझाडे ठेवावीत, म्हणजे लपण्यास आडोसा राहत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बागेची जागा आखून देताना ही गोष्ट प्रथम पाहावी.

परसात लिंबाचे झाड असल्यास त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आढळतात. त्या फुलपाखरांच्या असतात. २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळीही लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. मोठ्या झाडाला यांपासून विशेष इजा होत नाही. लहान रोपावरील अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. कोथिंबीर व शेपूचा एखादा वाफा फुलू द्यावा. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना व सिरफिड माश्यांना तेथे अन्न मिळते. उन्हाळ्यात उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवावे. खडे नसतील तर माश्या बुडतात.

तेरड्याच्या शेंगा हात लागताच फुटून बी उडते, तेव्हा त्या पिवळसर होताच कापडी पिशवीत तोडाव्यात. कुर्डूचे तुरे वाळले की झटकून काळे, चकचकीत बी काढावे, पण निम्मे तुरे मुनिया व चिमण्यांसाठी झाडावरच सोडावेत. वाळलेले काड जाळू नये, कारण त्यात कीटकांची अंडी व कोश असतात. ते कापून उन्हाळाभर कोपऱ्यात रचून ठेवावे व पाऊस सुरू झाल्यावर खतखड्ड्यात टाकावे. राखलेले बी राखेत घोळवून कोरड्या मडक्यात ठेवल्यास पुढील मृगापर्यंत चांगले राहते व शेजाऱ्यांनाही देता येते.