लहान मोटार घेताना

आदिलाबादहून उत्तरेस निघालेला महामार्ग पैनगंगा ओलांडून पांढरकवड्याकडे जातो. सोयरे नदीच्या दोन्ही तीरांना असल्यामुळे येथील मराठी कुटुंबाची मोटार सहसा रिकामी धावत नाही. म्हणून अगदी लहान गाडी घेणाऱ्याने तिचे ‘ॲव्हरेज’ विचारण्यापूर्वी आपली माणसे व बोचकी मोजावीत.

२००९ साली विक्रीस आलेली टाटा नॅनो पाहा. लांबी जेमतेम ३.१ मीटर, इंजिन दोन सिलिंडरचे, ६२४ सीसीचे. ते मागे बसविल्यामुळे चौघांना ऐसपैस जागा मिळाली खरी. परंतु आरंभीच्या नॅनोचे मागचे दार उघडतच नसे. सामान आतूनच, आसनावरून मागे सारावे लागे. टाकी १५ लिटरांची. २०१५ साली दार उघडू लागले आणि टाकी २४ लिटरांची झाली, पण २०१८ मध्ये उत्पादनच थांबले.

आता पेट्रोलचा हिशेब. वर्षाकाठी ६,००० किलोमीटर फिरणाऱ्याला लिटरमागे २० किलोमीटर धावणारी गाडी ३०० लिटर पेट्रोल मागते. १६ धावणारी ३७५. फरक अवघा ७५ लिटरांचा! लग्नसराईत सामानासाठी वारंवार दुसरी खेप करावी लागली, तर तो तिथेच संपतो. रोज दूरच्या शाळेत एकट्याने जाणाऱ्या शिक्षकाला मात्र तीच बचत मोलाची ठरते. शिवाय कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. मे महिन्यात, चार माणसे बसवून व वातानुकूलन चालू ठेवून, तो खाली येणारच.

नॅनो आता वापरलेलीच मिळते. तेव्हा सौदा करण्याआधी गावातल्या मिस्त्रीकडे तिचे सुटे भाग मिळतात का, हे विचारून घ्यावे.