द्राक्षे उतरणार कधी?

निफाड-दिंडोरीकडे गोडी छाटणी उरकली की घराघरांत एकच प्रश्न निघतो. माल काढणीला कधी येईल? कोणीतरी अनुभवी माणूस सांगतो, "सव्वाशे दिवस धरा." त्या सव्वाशेवर आपण टोळी सांगतो, गाडी ठरवतो, आणि पुष्कळदा फसतो. सव्वाशे हा आकडा खोटा नाही हो. तो एकटा आहे, एवढीच त्याची चूक.

अमेरिकेच्या नौदलाने १९५८ साली पोलॅरिस क्षेपणास्त्राचे काम आखताना एक युक्ती काढली. तिला 'पर्ट' म्हणतात. प्रत्येक कामाला एक नव्हे, तीन मुदती विचारायच्या : सगळे जमून आले तर किती, बहुधा किती, आणि सगळेच फिसकटले तर किती. मधल्या आकड्याची चौपट करा, तीत दोन्ही टोके मिळवा आणि सहाने भागा. समजा, तुमच्या बागेचे आकडे ११५, १२५ आणि १४५ आहेत. उत्तर येते जवळजवळ १२७. छाटणी १० ऑक्टोबरची असेल तर १४ फेब्रुवारी. पण खरी माहिती टोकांत आहे. माल २ फेब्रुवारीलाही येईल, थंडी लांबली तर ४ मार्चही उजाडेल. महिन्याभराचा हा पल्ला डोळ्यांसमोर नसेल तर ती १४ तारीख काय कामाची?

आता याहून फसवी गोष्ट. निर्यातीचा माल तोडायला तीन गोष्टी एकदम लागतात : औषधांच्या अंशाचा तपासणी-अहवाल, तोडणीची टोळी आणि थंड कंटेनर. प्रत्येक गोष्ट पाचांतून चार वेळा वेळेवर येते असे धरू. आपण म्हणतो, मग काळजी नाही! पण तिघींचा एकमेकींशी संबंध नसेल, तर तिन्ही वेळेवर येण्याचा योग १२५ वेळांत ६४ चाच. म्हणजे निम्म्या वेळी कोणीतरी एक अडवणार, आणि बाकीच्या दोघी तिची वाट पाहात बसणार. शिक्षकबंधूंनी हा गुणाकार फळ्यावर जरूर करून दाखवावा. अपूर्णांक कशाला शिकायचे, असे मग पोरे विचारणार नाहीत.

यावर इलाज? काही दिवस आपल्या हातचे असतात, काही निसर्गाच्या. छाटणी कधी करायची हे आपण ठरवतो. मणी कधी पिकायचा हे तो ठरवतो. म्हणून टोळीला तारीख देण्याऐवजी खूण द्यावी : "मण्यांत पाणी उतरले की निरोप धाडतो, तिथून अमुक दिवसांनी या." तिथून काढणीपर्यंतचा पल्ला छाटणीपासूनच्या पल्ल्यापेक्षा पुष्कळ लहान, म्हणून अंदाजातली चूकही लहान. १९९९ च्या मे महिन्यात 'डीप स्पेस वन' या अवकाशयानावरच्या संगणकाने आपली कामे स्वतः आखली, तेव्हाही ठाम घटका नव्हत्या. 'लवकरात लवकर' आणि 'उशिरात उशिरा' अशा मर्यादा होत्या. आपला शेतकरी बागेचे तुकडे पाडून मागेपुढे छाटतो, तेही याच जातीचे शहाणपण. सटाण्याकडची मंडळी पावसाचा धोका पत्करून हंगामाआधीच छाटतात. भाव चांगला मिळतो, पण त्यांची टोके फार लांब असतात.

आणि काही टोके आपल्या हिशेबात येतच नाहीत. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. पुढच्या हंगामात न्हावा-शेव्याहून युरोपला निघालेली द्राक्षे सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून गेली. बागेतले सव्वाशे दिवस बरोबर आले असतील. वाढले ते समुद्रावरचे. नाशवंत मालाला ते दिवस भोवतात.

तेव्हा यंदा वहीत तीन रकाने आखा. प्रत्येक तुकड्याची छाटणी, पाणी उतरल्याचा दिवस आणि तोडणी लिहून ठेवा. चार-पाच हंगामांनी ११५ आणि १४५ हे माझे आकडे खोडून तिथे तुमचे घाला.